बेबाबाईनं फूल

“कडा जळी राह्यनी,” बेबाबाई म्हणाली. “पावर कमी कर.”

“आखो कमी करी ते कागद कापाई नही, मावशी.” असं म्हणत भूमिकाने तरी दोन आकडे खाली आणले आणि मशीनचं झाकण पुन्हा लावलं.

काचेखाली लेसरचं डोकं सरकायला लागलं. पांढऱ्या कागदावर एक लाल ठिपका धावत होता आणि त्याच्यामागे पाकळी सुटी होत होती. जळक्या कागदाचा वास पंख्याने बाहेर ओढला तरी थोडा खोलीत राहायचाच. धुळ्यातलं हे दुकान भूमिकाचं, म्हणजे बेबाबाईच्या बहिणीच्या मुलीचं. लग्नपत्रिका, दारावरच्या पाट्या, शाळांच्या ट्रॉफ्या. एरवी बेबाबाई इथे चहापुरती डोकवायची. गेला महिनाभर मात्र ती रोज सकाळी दहाला डबा घेऊन येत होती, नोकरीवर यावं तशी. वय एकसष्ट, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला आणि डोक्यात एकच विषय.

जळकी कडा तिला चालत नव्हती. सूड घ्यायचा तर तोही नीट कापलेला हवा, असा तिचा हट्ट होता.

बेबाबाईची कागदाची फुलं धुळ्याच्या गल्ल्यागल्ल्यांत माहीत होती. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसायची तेव्हा निम्म्या घरांतल्या मखराला तिचीच फुलं असायची. ती फूल एका कागदाचं करत नसे. आठ थर, खालचा सर्वांत मोठा, वरचा बोटाच्या पेराएवढा, आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा अर्धी पाकळी फिरवलेला. थर ती चिकटवत नसे. मधोमध भोक पाडून दोन पायांची पितळी पिन घालायची आणि मागे पाय फाकवायची. त्यामुळे फूल लावल्यावरही पाकळ्या फिरवून सारख्या करता येत. साचे तिने जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कापलेले होते. त्यातल्या दोन साच्यांवर तिच्या सासूचा मोडलेला गुडघा अजून दिसायचा.

चार वर्षांपूर्वी जळगावचा डेकोरेटर ललित कुणाकडे तरी कानबाईच्या दर्शनाला आला आणि ही फुलं कोणी केली ते विचारत तिच्या घरी पोचला. “अक्का, अक्का” करत जेवला. डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी दोनदा मागून घेतली. निघताना साच्यांचा पत्र्याचा डबा आठ दिवसांसाठी मागितला, नुसतं बघायला. पोरगं गोड बोलतंय म्हणून तिने दिला. डबा दोन महिन्यांनी एसटीच्या पार्सलातून परत आला, चिठ्ठी ना चपाटी. त्या दिवाळीत जळगावातल्या कार्यालयांच्या भिंतींवर तिची फुलं झळकली, लेसरने कापलेली, शेकड्याने. पाचव्या पाकळीला आतून एक बारीक खाच होती. वीस वर्षांपूर्वी साचा कापताना दाराची कडी वाजली आणि कात्री सटकली, त्याची ती खाच. ललितच्या मशीनने तीही इमानेइतबारे कापली होती. बेबाबाईने ती दहा जणांना दाखवली. इतकं बारीक कोण बघतं, असं दहाही जण म्हणाले.

मग मोबाईलवर ललितची मुलाखत आली. थरांच्या फुलांची ही कल्पना त्याला एकदा पहाटे सुचली होती म्हणे. बेबाबाईने त्याला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, “अक्का, कागदावर कोणाचं नाव लिहिलेलं असतं का?”

नवरा, जीवराम, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला शांत माणूस. तो म्हणाला, “सोडी दे ना. कागदच शे.” त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नाही. तिच्या हाताला लोक ओळखत होते, तिच्या तोंडाला नाही. हात चोरीला गेल्यावर ती कोण उरली, हा प्रश्न तिला भाजी निवडतानासुद्धा पडायचा. आणि ललितने विचारलं असतं तर तिने साचे देऊन टाकले असते, हे तर तिला फारच झोंबायचं.

“त्यानी माले इचारं बी नही,” ती भूमिकाला म्हणायची. दिवसातून चार वेळा.

युक्ती तिची, हात भूमिकाचा. नवीन फूल करायचं, जुन्याहून देखणं आणि मोठं, वरचा थरही ताटलीएवढा. त्याच्या सातव्या आणि आठव्या थरात अक्षरं लपवायची. अक्षरांच्या शिरोरेषा आणि आडव्या रेघा सातव्या थरात कापायच्या, काने, वेलांट्या आणि गोलाया आठव्यात. सुटा थर हातात घेतला तर पाकळीच्या शिरा वाटतील. दोन्ही थर एकावर एक बसले आणि मागून दिवा लागला, की मगच अक्षर जुळेल.

“नाव लिखू, ‘बेबाबाई, धुळे’,” भूमिका म्हणाली. “बस व्हयनं.”

“नुसतं नाव नको. चोरेल शे, हाई बी लिख.”

“जागा कमी शे, मावशी.”

“मंग ‘शे’ काढी टाक. चोरेल राहू दे.”

म्हणून फुलाच्या गोलात असं लिहिलं गेलं: बेबाबाईनं चोरेल. दोघींनी दिव्यापुढे धरून ते दहा वेळा वाचलं. बेबाबाईचं आहे, चोरलेलं आहे. धुळ्यात याचा दुसरा अर्थ कोणाला सुचणार होता?

नाशिकपासून जळगावपर्यंतच्या लेसरवाल्यांचा मोबाईलवर एक गट होता. तिथे लोक एकमेकांना डिझाईनच्या फायली पाठवत. भूमिकाने फुलाची फाईल तिथे टाकली, खाली लिहिलं, ‘सर्वांसाठी मोफत’. ललितने ती नवव्या मिनिटाला उतरवून घेतली. तीन आठवड्यांनी त्याने स्वतःच्या पानावर फुलाचा फोटो टाकला: माझी नवी निर्मिती, येत्या रविवारी सकाळी असोद्याच्या लीलाधर पाटलांच्या कन्येच्या साखरपुड्यात, पहिल्यांदाच. बेबाबाईने तो फोटो मोठा करून पाहिला, सगळ्या शिरा जशाच्या तशा होत्या, आणि कपाटातली हिरवी पैठणी बाहेर काढली.

साखरपुड्यात कोण कोणाचं पाहुणं हे कोणी विचारत नाही. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडची असेल, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडची. बेबाबाई आणि भूमिका धुळ्याहून सकाळच्या एसटीने जळगावजवळच्या असोद्याला आल्या, पाणी प्यायल्या, पेढा घेतला आणि तिसऱ्या रांगेत बसल्या. कार्यालय नवं होतं, जाड पडद्यांचं, आत भर सकाळी अंधार. व्यासपीठावर सोफा आणि सोफ्यामागे चौसष्ट फुलांची भिंत. बेबाबाईने एक नजर टाकली. कडा सगळ्या जळक्या होत्या. पावर कमी करायचा कंटाळा, दुसरं काय.

केळीवाले लीलाधर पाटील दाराशी पाहुण्यांना नमस्कार करत होते. त्यांची आई धुरपदाबाई पहिल्या रांगेत, गुडघ्यावर काठी आडवी ठेवून बसली होती. ललित निळ्या कोटात इकडून तिकडे फिरत होता. मागचे दिवे आधी लावायचे नाहीत, पाहुणे बसले की एकदम लावायचे म्हणजे लोक ‘वा’ म्हणतात, ही त्याची सवय बेबाबाईने त्याच्या व्हिडिओंत पाहून ठेवली होती. सगळा डाव त्या सवयीवर उभा होता.

त्याने माईक घेतला. “आता बघा,” म्हणाला आणि हात वर केला.

दिवे लागले. लोक ‘वा’ म्हणाले. चौसष्ट फुलं आतून उजळली आणि प्रत्येकाच्या पोटात अक्षरांचं कडं उमटलं.  इतकं स्वच्छ दिसेल असं बेबाबाईलाही वाटलं नव्हतं. चार वर्षांनी तिचं नाव तिच्या फुलावर होतं, आणि तेही त्याच्याच हाताने लावलेलं. तिने भूमिकाचा हात इतका दाबला की तिची बांगडी पिचली.

धुरपदाबाईंनी मान वाकडी करून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. “बे-बा-बाई-नं चो-रेल. काय व माय, कोन व्हय ही बेबाबाई? काय चोरलं तिनं?”

बेबाबाईला आधी कळेचना की म्हातारी काय म्हणतेय. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “बेबाबाईनं चोरलं म्हने.” मग ते सगळीकडे गेलं. बेबाबाईनं चोरलं. कोण बेबाबाई? काहीतरी चोरलं तिनं. आणि मग तिला उमगलं. धुळ्याकडे ‘बेबाबाईनं’ म्हणजे बेबाबाईचं. इथे, जळगावच्या या बाजूला, ‘बेबाबाईनं’ म्हणजे बेबाबाईने. शंभरेक किलोमीटर एसटीत बसून ती आली होती आणि त्या शंभर किलोमीटरमध्ये कुठेतरी तिचं ‘नं’ फिरलं होतं. स्वतःच्या नावापुढे चोर असं तिने स्वतःच कापलं होतं, स्वच्छ कडेने, आणि आता ते भिंतीवर चौसष्ट वेळा होतं.

“मावशी, चाल, निंघी जाऊत,” भूमिका कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लीलाधर पाटील तरातरा पुढे आले. “ललितभाऊ, हे काय लिहेल हाये? मुलाकडचे गेटवर येऊन राह्यले अन् पोरीच्या डोक्यावर चोरीची पाटी?”

ललितचा चेहरा पडला होता. पण तो मुळातच चलाख. भिंतीवरचं नाव त्याने वाचलं, ओळखलं आणि लोकांनी काय अर्थ घेतला तेही ऐकलं. त्याला सरळ रस्ता दिसला.

“सॉरी, पाटील साहेब. धुळ्याची एक बाई आहे, माझी डिझाईनं चोरते,” तो म्हणाला. माईक अजून चालूच होता. “म्हणून तिला इशारा द्यायला मी हे बनवलं होतं. वेगळ्या फाईलमध्ये होतं. चुकून इथे लागलं.”

आता मात्र बेबाबाई उठली. रागाने माणूस थरथरतो म्हणतात, पण ती अगदी स्थिर होती. चार वर्षं ती रोज थोडी थोडी थरथरून मोकळी झाली होती. ती रांगेतून बाहेर येऊन व्यासपीठाकडे गेली आणि म्हणाली, “मी बेबाबाई.”

सगळं सभागृह तिच्याकडे वळलं. कडेच्या खुर्च्यांतल्या दोन-तीन बायकांचे हात आपोआप पर्सवर गेले. तिला ते दिसलं.

“तू लिखेल शे ना?” तिने ललितला विचारलं. “इतला लोकस्मा सांगं तू. मंग पुशी दाखाड.”

“काय?”

“तुमी लिहिलं ना? पुसा मग.” ती आता सगळ्यांना कळेल असं बोलली. “ज्यानं लिहिलं त्याला पुसता येतं.”

“हो, पुसा ना भाऊ लवकर,” लीलाधर पाटील म्हणाले. त्यांना भांडणाशी कर्तव्य नव्हतं, पाटी जायला हवी होती.

ललितने शिडी मागवली. वरचं एक फूल काढलं, पिन सोडवली आणि थर सुटे केले. एकेक थर दिव्यापुढे धरला. कुठेच अक्षर नव्हतं. शिरा, नुसत्या शिरा. त्याने दुसरं फूल काढलं, पुन्हा तेच. तिसरं घाईत फाटलं. खाली कागदाच्या पाकळ्यांचा खच पडला आणि भिंतीवर उरलेली फुलं आपली बेबाबाईनं चोरेल, बेबाबाईनं चोरेल म्हणतच होती. कोटाच्या आत त्याचा शर्ट ओला झाला. बेबाबाई बघत उभी होती. तिला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. त्याने अजून दहा फुलं फाडावीत, संध्याकाळपर्यंत फाडावीत, असं तिला मनापासून वाटत होतं.

“सापडना का?” तिने विचारलं. “पहाटे सुचेल व्हतं ना?”

ललितने चौथ्या फुलाला हात घातला.

ती दोन पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली. हाताला येईल त्या फुलात अंगठा घातला, सातवा थर दाबून धरला आणि अर्धी पाकळी फिरवला. अक्षरं मोडली. आडव्या रेघा एकीकडे गेल्या, उभ्या दुसरीकडे, आणि मागे राहिलं ते नुसतं उजळलेलं फूल. 

“आमच्याकडे ‘बेबाबाईनं’ म्हणजे बेबाबाईचं,” ती म्हणाली. “मले एवढंच सांगायचं होतं.”

धुरपदाबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. “हे तं हिचंच हाये,” त्या म्हणाल्या. मग बायकांकडे वळून, जणू वाद मिटवत, पुन्हा म्हणाल्या, “बेबाबाईचं हाये. त्या पोट्ट्यानं चोरेल हाये.”

तेवढं एका ‘चं’चं काम होतं.

“अक्का,” लीलाधर पाटील हात जोडून म्हणाले, “समजलं आम्हाले. आता बाकीची बी फिरवून द्या.”

“राहू द्या,” बेबाबाई म्हणाली. “वाचू द्या सगळ्यांना. त्याच्या मुलाखती वाचल्या चार वर्षं.”

ती हे तोडूनच बोलली. तिला मुळीच दया आली नव्हती. पण बाजूच्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि त्यातून नवरी मुलगी, ऋतिका, बाहेर बघत होती. केसांत मोगरा, तोंडभर मेकअप आणि तो खराब होऊ नये म्हणून डोळ्यांखाली दोन्ही हातांनी धरलेला रुमाल. तिने कोणाचं काही चोरलेलं नव्हतं. तिला तिथे त्या सोफ्यावर, त्या शब्दाखाली बसायचं होतं.

बेबाबाईने सुस्कारा टाकला. मग पायऱ्या उतरून धुरपदाबाईंशेजारच्या खुर्चीत बसली.

“मी नही फिरवाव,” ती ललितला म्हणाली. “तू फिरव. मी सांगस.”

आणि ललितने फिरवली. निळ्या कोटात, शिडीवर, सगळ्या पाहुण्यांसमोर. मुलाकडची मंडळी गेटवर सरबत पीत थांबवली होती. बेबाबाईच्या हातात कोणीतरी चहाचा कप दिला. ती घोट घेत सांगत होती. “सातवा थर. आठवा नही, सातवा. अर्धी पाकळी. जास्त व्हयनं, मागे ले.” तो मागे घ्यायचा. अंगठा जरा जोरात पडला तर ती म्हणायची, “हळू. फूल शे ते.” प्रत्येक फुलापाशी त्याला तिच्या नावाला बोट लावावं लागत होतं. खालून भूमिका बघत होती आणि आता तिला हसू आवरत नव्हतं.

पहिली रांग झाली, दुसरी झाली. तिसऱ्या रांगेच्या मध्यावर बेबाबाईने कप खाली ठेवला. तिच्या लक्षात आलं की आपण सूड घेतोय आणि आपलंच नाव जातंय. एकेक कडं विझत होतं. ही भिंत संध्याकाळी उतरवतील, फुलं गोण्यांत भरतील. तिचं नाव तिच्या कामावर असं लोकांसमोर लागलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि ते पुरतं अर्धा तासही राहिलं नाही. तिने सांगायचं थांबवलं. ललितला आता जमत होतं. तो एकेक फूल नीट फिरवत होता, अगदी तिच्यासारखं, आणि ते बघून तिला रागही आला आणि बरंही वाटलं.

सरबत संपलं असावं. दाराशी गलका झाला, पडदे बाजूला झाले, सनई लागली.

ललित शिडीच्या वरच्या पायरीवर होता. कोपऱ्यातलं एक फूल राहिलं होतं. त्याने हात पुढे केला, मग थांबला. वळून त्याने खाली तिच्याकडे पाहिलं. मघाचा चलाखपणा तोंडावरून गेला होता, नुसता घामेजलेला माणूस उरला होता.

“अक्का,” तो म्हणाला, “हे शेवटचं. फिरवू का?”

बेबाबाईने चष्मा लावला आणि सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आपलं नाव वाचलं. तोपर्यंत तो हात तसाच धरून थांबला होता.

“फिरव,” ती म्हणाली.

ऋतिका बाहेर आली होती आणि सगळे उठून तिच्याकडे वळले होते. त्यामुळे ते नाव गेलेलं या दोघांनीच पाहिलं.